लहान बाळाला ताप, कारण सापडत नाही: लघवीची तपासणी नीट कशी करून घ्यायची

बाळाला ताप आलाय, सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, कान-घसा बघून झाला, आणि डॉक्टर म्हणतात "लघवी तपासून घेऊया". इथून पुढं काय काय होतं ते आम्ही घरात अनुभवलंय. मी डॉक्टर नाही, औषधं सांगणार नाहीये, पण तपासणीच्या या भागात आईबापांचा जो गोंधळ उडतो तो बराचसा टाळता येतो. कारण या सगळ्याचा जीव एकाच गोष्टीत आहे, लघवीचं सॅम्पल कसं घेतलं आणि कधी घेतलं. ते बिघडलं की पुढचा रिपोर्ट कितीही छान छापलेला असो, त्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

हे मुख्यतः २-३ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लिहितोय, म्हणजे ज्यांना "शू करताना दुखतंय" हे सांगता येत नाही अशांसाठी.

१. आधी डोक्यात तरी यायला हवं

मोठ्या माणसाला यूटीआय, म्हणजे लघवीच्या मार्गाचं इन्फेक्शन, झालं की जळजळ होते, सारखं जावं लागतं, लगेच कळतं. बाळाचं तसं नसतं. बऱ्याचदा फक्त ताप असतो आणि बाकी काहीच नाही. किंवा उलट्या, दूध कमी पिणं, चिडचिड, मरगळ. अगदी नवजात बाळात कावीळ लांबणं हेसुद्धा लक्षण असू शकतं. म्हणून मग होतं काय, ताप आणि उलटी म्हणून पोटाचं इन्फेक्शन समजून सोडून देतात, नाहीतर "दात येतायत" म्हणून. दात येताना अंग जरा कोमट लागेलही पण १०२ ताप दातांमुळे येत नाही.

दोन वर्षांखालच्या ज्या मुलांना ताप आहे पण कारण दिसत नाही, त्यात १०० पैकी साधारण ५ ते ७ जणांना लघवीचं इन्फेक्शन निघतं. संशय कुणाच्या बाबतीत जास्त घ्यायचा तर मुली, एक वर्षाखालचे मुलगे (त्यातही सुंता न झालेले, आणि पहिल्या तीन महिन्यांत तर मुलींपेक्षा मुलग्यांमध्येच जास्त दिसतं), ताप ३९ सेल्सिअस म्हणजे १०२.२ फॅरनहाइटच्या वर, ताप दोन दिवसांपेक्षा जास्त, आधी कधी यूटीआय झालंय, किंवा गरोदरपणातल्या सोनोग्राफीत किडनीला सूज वगैरे दिसली होती. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात हां, डिलिव्हरी झाली की ती फाइल कपाटात जाते ती जातेच.

लघवीला वास येतोय म्हणून इन्फेक्शन असं नाही. पाणी कमी गेलं तरी वास येतो. आणि वास नाही म्हणून इन्फेक्शन नाही असंही नाही. वासावर काही ठरवू नका.

२. कधी अजिबात थांबायचं नाही

बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे आणि ताप ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ किंवा वर आहे, तर हा लेख बाजूला ठेवा आणि हॉस्पिटलला निघा, रात्र असली तरी. एवढ्या लहान बाळात इन्फेक्शन रक्तात उतरायला वेळ लागत नाही, तिथं लघवीबरोबर रक्ताच्या आणि इतर तपासण्याही लागतात आणि ते ओपीडीचं काम नाही.

मोठं बाळ असलं तरी सुस्त पडलंय, उठवलं तरी नीट उठत नाही, काहीच पोटात टिकत नाही, श्वास भराभर चाललाय, ६-८ तासांत डायपर ओला नाही, अंगाचा रंग बदललाय, तर तेच. आणि पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे गंभीर काही नाही असा अर्थ काढू नका, औषधाने ताप दोन्ही प्रकारात उतरतो.

३. जाताना सोबत काय घ्यायचं

- तापाची नोंद. किती वाजता किती होता, कोणतं औषध किती दिलं. मोबाइलमध्ये टाइप केलेलं चालतं. हात लावून "खूप गरम होतं" याला काही अर्थ नाही, डिजिटल थर्मामीटर काखेत लावून मोजा.
- बाळाचं आत्ताचं वजन माहीत असेल तर, आणि लसीकरणाचं कार्ड.
- गरोदरपणातले सोनोग्राफी रिपोर्ट, निदान शेवटच्या काही महिन्यांतले.
- आधीचे लघवीचे रिपोर्ट, असतील तर. नुसतं "मागं एकदा झालं होतं" म्हणू नका, कागद दाखवा.
- गेल्या आठवड्यात कोणतंही अँटिबायोटिक दिलं असेल तर त्याची बाटली किंवा फोटो.
- दूध किंवा पाणी, जास्तीचे डायपर, कपड्यांचा एक जोड बाळाचा आणि एक वरचा स्वतःचा. स्वतःचा कशाला ते पाचव्या पायरीत कळेल.

आणि घरातल्या कुणाला, आई, वडील, मोठं भावंड, लहानपणी लघवी उलटी फिरायचा त्रास म्हणजे रिफ्लक्स होता का, ते फोनवर विचारून ठेवा.

४. आधी सॅम्पल, मग अँटिबायोटिक

ही एवढी एक ओळ लक्षात राहिली तरी पुरे. अँटिबायोटिकचा एखाद-दुसरा डोस पोटात गेला की लघवीतले जंतू मरतात, कल्चरला (म्हणजे लॅबमध्ये लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) काहीच उगवत नाही, आणि मग इन्फेक्शन नव्हतंच की होतं आणि औषधाने दबलं हे नंतर कुणीच सांगू शकत नाही. घरात उरलेलं जुनं सिरप "तोपर्यंत देऊया" म्हणून सुरू करायचं नाही. आणि डॉक्टरांनी कारण न सांगता अँटिबायोटिक लिहून दिलं तर सरळ विचारा, "डॉक्टर, हे सुरू करण्याआधी लघवीचं सॅम्पल द्यायचं का?" यात कुणाला राग यायचं कारण नाही.

याचा अर्थ औषधाला उशीर करा असा मात्र नाही. बाळ आजारी दिसत असेल तर डॉक्टर नळीने पटकन सॅम्पल घेऊन लगेच औषध चालू करतात आणि ते बरोबरच आहे. खऱ्या इन्फेक्शनला उपचार मिळायला दोन-तीन दिवसांच्या वर गेले तर किडनीवर व्रण राहायची शक्यता वाढते, म्हणून दोन्हीकडून घाई असते.

५. सॅम्पल घेणं, म्हणजे खरी कसोटी

चार पद्धती आहेत.

(अ) धार पकडणं. बाळ उघडं ठेवायचं, निर्जंतुक डबी हातात धरून बसायचं आणि शू सुरू झाली की मधली धार डबीत पकडायची. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात एक जण बाळाला मांडीवर धरून, दुसरा डबी घेऊन टक लावून, आणि बाळ तुमच्याकडे बघून हसतंय, आणि तुम्ही एक मिनिट मोबाइल बघितला की त्याच मिनिटाला शर्टाची बाही भिजते. पण बिनत्रासाच्या पद्धतींमध्ये ही सगळ्यात विश्वासाची, म्हणून वैतागू नका.

आधी जागा कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवायची, साबण पूर्ण जाऊ द्यायचा, स्वच्छ कपड्याने टिपायचं. मुलींमध्ये पुढून मागं. मुलग्यांची कातडी मागं ओढायला जाऊ नका, लहानपणी ती चिकटलेली असते, जेवढी सहज सरकते तेवढीच. डेटॉलसारखं जंतुनाशक लावू नका, त्याचा अंश डबीत गेला तर जंतू उगवायचेच नाहीत. डबीच्या आत बोट नाही, झाकण उलटं टेबलावर नाही, आणि डबी बाळाच्या अंगाला टेकवायची नाही.

शू लवकर यावी म्हणून दोन युक्त्या आहेत, दोन्हींवर नीट अभ्यास झालेत. एक म्हणजे थंड सलाईनमध्ये बुडवलेला गॉज ओटीपोटावर, म्हणजे बेंबीच्या बराच खाली, हलक्या हाताने गोल गोल चोळत राहायचा. ऑस्ट्रेलियात एक महिना ते एक वर्षाच्या बाळांवर हे करून बघितलं, २०१७ मध्ये छापून आलं, त्यात पाच मिनिटांत जवळजवळ ३१ टक्के बाळांनी शू केली आणि नुसती वाट बघणाऱ्या गटात १२ टक्के. म्हणजे जादू नाही पण नुसतं बसण्यापेक्षा बरं. दुसरी युक्ती स्पेनमधल्या डॉक्टरांची, २०१३ ची, अगदी तान्ह्या बाळांसाठी: पोटभर दूध पाजून वीस-पंचवीस मिनिटांनी एकाने बाळाला काखेत धरून पाय लोंबते ठेवायचे, दुसऱ्याने ओटीपोटावर बोटांनी भराभर हलक्या टिचक्या मारायच्या अर्धा मिनिट, मग कमरेच्या खालच्या भागात अंगठ्यांनी गोल मालिश अर्धा मिनिट, आणि आलटून पालटून हेच. हे एकदा नर्सकडून बघून घ्या आणि डबी तयार ठेवूनच सुरू करा, कारण शू आली की अगदी अचानक येते.

(आ) चिकटवायची बॅग. सगळ्यात सोपी, म्हणून सगळ्यात जास्त वापरली जाते, आणि सगळा घोळ इथंच होतो. बॅगेत लघवी कातडीवरून ओघळत जाते, शीचे जंतू आजूबाजूला असतातच, ते सगळे सॅम्पलमध्ये. त्यामुळे बॅगेच्या लघवीचा साधा रिपोर्ट अगदी स्वच्छ आला तर तो कामाचा, इन्फेक्शन असायची शक्यता बरीच कमी होते. पण बॅगेचं कल्चर पॉझिटिव्ह आलं तर त्यावर निदान करता येत नाही, ते बहुतेकदा खोटंच निघतं. आमच्याकडे पहिलं सॅम्पल बॅगेचं होतं, रिपोर्टवर तीन प्रकारचे जंतू आले, आणि डॉक्टरांनी तो कागद बाजूला सारून नळीने पुन्हा घ्यायला सांगितलं.

बॅग लावायचीच असेल तर धुवून, कोरडं करून लावा, दर दहा-पंधरा मिनिटांनी बघा, शू झाल्या झाल्या काढा. अर्धा-पाऊण तास झाला तरी काही नाही तर पुन्हा धुवून नवी बॅग. रात्रभर लावून ठेवलेल्या बॅगेचं सॅम्पल देऊच नका. आणि शी झाली तर ते सॅम्पल गेलंच समजा.

(इ) नळी, म्हणजे कॅथेटर. बारीक मऊ नळी लघवीच्या जागेतून मूत्राशयात सरकवतात, पहिले काही थेंब सोडून देतात, बाकीची लघवी डबीत, नळी लगेच काढतात. दोन-चार मिनिटांचं काम. बाळ रडतं, आईबापाला ते बघवत नाही हे मान्य, पण नळीला नाही म्हणून बॅग लावणारे लोक नंतर दोन दिवसांनी पुन्हा त्याच नळीपाशी येतात, तेही औषध चालू झाल्यावर. बाळ जास्त आजारी असेल, लगेच अँटिबायोटिक द्यायचं असेल, किंवा बॅगेचा रिपोर्ट गडबड आला असेल तर माझ्या मते हो म्हणून मोकळं व्हावं.

(ई) पोटातून सुई. ओटीपोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातली लघवी घेतात, सोनोग्राफीत बघून. सगळ्यात शुद्ध सॅम्पल हेच. फार क्वचित लागते, बहुतेक अगदी लहान बाळांत. नाव ऐकून घाबरायला होतं एवढंच.

डायपरमधून कापूस पिळून काढलेली लघवी, पॉटीतून ओतलेली लघवी, हे कल्चरसाठी नको.

६. डबी लॅबपर्यंत

लघवी बाहेरच्या तापमानाला राहिली की त्यात जंतू वाढत जातात, दोनाचे चार, चाराचे आठ. त्यामुळे तासाभरात लॅबला पोचवा. जमत नसेल तर डबी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नाही) आणि तरी चार तासांच्या आत द्यायचा प्रयत्न करा. काही ठिकाणी बोरिक अ‍ॅसिड घातलेली खास डबी देतात, तिच्यात रेघेपर्यंत लघवी भरावी लागते, कमी भरली तर ते केमिकल जास्त होऊन जंतूच मारतं.

डबीवर नाव, वेळ, आणि सॅम्पल कसं घेतलं ते लिहा: धार, बॅग की नळी. लॅबवाले विचारत नाहीत, पण हे माहीत नसेल तर आकड्यांचा अर्थ लागत नाही. आणि फॉर्मवर "रुटीन" आणि "कल्चर" दोन्हीवर टिक आहे ना बघा, नुसतं रुटीन केलं आणि दुसऱ्या दिवशी कल्चर राहिलं म्हणून कळलं की तोवर औषध चालू झालेलं असतं.

७. पहिला रिपोर्ट, म्हणजे रुटीन, त्याच दिवशी येणारा

यात तीन गोष्टी बघायच्या.

पस सेल्स, म्हणजे लघवीतल्या पांढऱ्या पेशी: सेंट्रीफ्यूज केलेल्या (मशीनमध्ये गरगर फिरवलेल्या) लघवीत मायक्रोस्कोपखाली एका फील्डमध्ये ५ किंवा जास्त असतील तर लक्ष द्यायचं. पण पस सेल्स म्हणजे यूटीआयच असं नाही, दुसऱ्या कुठल्याही तापातही थोड्या वाढू शकतात. पाच दिवस होऊन गेले ताप उतरत नाही, डोळे-ओठ लाल, अंगावर पुरळ, आणि लघवीत पस सेल्स आहेत पण कल्चरला काहीच नाही, असं असेल तर डॉक्टर कावासाकी आजाराचाही (यात रक्तवाहिन्यांना सूज येते) विचार करतात, तुम्ही स्वतःहून ही सगळी लक्षणं सांगा.

ल्युकोसाइट इस्टरेज: पट्टीवरची टेस्ट, याच पांढऱ्या पेशींचा माग.

नायट्राइट: हे पॉझिटिव्ह आलं तर इन्फेक्शनची शक्यता खूप जास्त. पण निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नाही. जंतूंना नायट्राइट बनवायला लघवी मूत्राशयात काही तास, साधारण चार, थांबायला लागते, आणि बाळं तर दर तासाला शू करतात. शिवाय काही जंतू ते बनवतच नाहीत. त्यामुळे जवळजवळ निम्म्या खऱ्या केसेसमध्ये ही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते.

तीन महिन्यांच्या वरच्या बाळात पट्टीवरच्या दोन्ही टेस्ट निगेटिव्ह आणि मायक्रोस्कोपखालीही काही नाही, तर ताप बहुधा दुसऱ्या कशाचा तरी आहे. दोन्ही पॉझिटिव्ह तर डॉक्टर सहसा कल्चर पाठवून औषध सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत.

८. कल्चर

२४ ते ४८ तास लागतात, सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे त्या जंतूवर कोणतं औषध चालतं ते बघायला, आणखी एखादा दिवस. या काळात लॅबला सारखा फोन करून फायदा नाही, जंतू उगवायला जो वेळ लागतो तो लागतोच.

रिपोर्टमध्ये जंतूचं नाव आणि आकडा असतो. बहुतेक वेळा नाव ई. कोलाय असतं. आकड्याचं असं आहे की धार पकडलेल्या सॅम्पलला साधारण १ लाख सीएफयू (म्हणजे उगवलेल्या जंतूंची मोजणी) प्रति मिली हा निकष धरतात, नळीच्या सॅम्पलला अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०११ च्या गाइडलाइनप्रमाणे ५० हजार, आणि सोबत लघवीत पस सेल्स किंवा जंतू दिसायला हवेत. सुईच्या सॅम्पलमध्ये याहून बरेच कमी जंतूही महत्त्वाचे धरतात. म्हणूनच डबीवर पद्धत लिहायला सांगितलं.

"मिक्स्ड ग्रोथ" किंवा "कंटॅमिनेशन संभव" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ भयंकर इन्फेक्शन असा नाही, सॅम्पल खराब झालंय असा आहे. पुन्हा द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील.

खाली औषधांची यादी आणि पुढं एस, आय, आर अशी अक्षरं असतात. एस म्हणजे लागू पडेल, आय म्हणजे मधलं, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. चालू असलेल्या औषधापुढं आर असेल तर रिपोर्ट हातात आल्या आल्या डॉक्टरांना कळवा, पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. यादीतलं दुसरं औषध बघून स्वतः मेडिकलमधून आणायचं नाही, त्यातली काही औषधं मूत्राशयापुरतीच चालतात, तापाच्या किडनीच्या इन्फेक्शनला पुरत नाहीत.

९. निदान पक्कं झाल्यावर

कोर्स साधारण ७ ते १४ दिवसांचा असतो. बाळ तोंडाने औषध घेतंय आणि टिकतंय तर बहुतेकांना सलाईन लागत नाही. बरोबर औषध असेल तर दोन दिवसांत ताप उतरायला लागतो, ४८ तासांनी पण तसाच असेल तर पुन्हा दाखवायचं. ताप गेला म्हणून तिसऱ्या दिवशी बाटली बंद करू नका.

दोन वर्षांखालच्या मुलांना पहिल्या तापाच्या यूटीआयनंतर किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी सहसा सांगतात. त्यात त्रास काहीच नाही. एमसीयू म्हणून एक एक्स-रे असतो, नळीतून औषध भरून लघवी उलटी वर जाते का बघतात. हा पूर्वी पहिल्याच वेळी सरसकट करायचे, आता सोनोग्राफीत काही दिसलं किंवा इन्फेक्शन परत झालं तर. कुणी पहिल्याच वेळी सांगितला तर कशासाठी ते विचारून घ्या. किडनीवर व्रण राहिलाय का हे बघणारा डीएमएसए स्कॅन ४ ते ६ महिन्यांनी करतात, तोही सगळ्यांना नाही.

बाळ बरं झालंय, खेळतंय, तरी "एकदा खात्री करू" म्हणून दर महिन्याला लघवी कल्चरला देणं याला बहुतेक वेळा अर्थ नसतो. कधी कधी ताप नसताना लघवीत नुसते जंतू सापडतात, त्यांना औषध लागत नाही, पण रिपोर्ट हातात पडला की औषध द्यावंसं वाटतं.

त्यापेक्षा बद्धकोष्ठता असेल तर तिच्याकडे बघा, शी कडक साठून राहिली की लघवी पूर्ण बाहेर पडत नाही आणि इन्फेक्शन परत परत होतं. आणि पुढं कधीही कारण नसलेला ताप आला की पहिल्या दिवशी-दुसऱ्या दिवशीच लघवी तपासायची, डॉक्टर नवीन असतील तर त्यांना आधीच सांगायचं की याला किंवा हिला पूर्वी यूटीआय झालंय. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये, कल्चरचा सगळ्यात वर, कारण मागच्या वेळी कोणतं औषध लागू पडलं होतं हे पहिलं विचारतात.